डिचोलीची न झालेली लढाई

दोडामार्गावरून गोव्याच्या हद्दीत शिरले की थोड्याच वेळात डिचोली लागते. सावंतवाडीकडच्या आम्हा माणसांचे तिथे पिढ्यान् पिढ्या जाणे-येणे. कुणाची बहीण तिकडे दिलेली, कुणी तिथल्या खाणींवर नोकरी केलेली, कुणाचे कापडाचे दुकान तिथेच ठरलेले. म्हणून २०१३ च्या जानेवारीत डिचोलीचे नाव परदेशी बातम्यांत आले तेव्हा मी दचकले. बातमी अशी होती की इंग्रजी विकिपीडियावर ‘बिचोलिम कॉन्फ्लिक्ट’ नावाचा सुमारे साडेचार हजार शब्दांचा लेख जवळपास साडेपाच वर्षे नांदत होता आणि तो सबंधच्या सबंध बनावट होता.

१६४० आणि १६४१ या दोन वर्षांत गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात एक अघोषित युद्ध झाले, मग तह होऊन ते मिटले, असे त्या लेखात म्हटले होते. लेख नेटका होता. त्यात प्रकरणे होती, तळटीपा होत्या, ग्रंथांची नावे होती. जुलै २००७ मध्ये तो लिहिला गेला आणि त्याच सप्टेंबरात त्याला ‘गुड आर्टिकल’, म्हणजे चांगला लेख, हा दर्जा रीतसर मिळाला. पुढच्याच महिन्यात तो त्याहून वरच्या, सर्वोच्च दर्जासाठी मांडला गेला. तो दर्जा मात्र त्याला मिळाला नाही. मग पाच वर्षे तो तसाच राहिला. डिसेंबर २०१२ मध्ये एका स्वयंसेवक संपादकाने त्यात दिलेली पुस्तके शोधायला घेतली, आणि लेख ज्यांच्यावर उभा होता ती पुस्तके जगात कुठेच नाहीत असे त्याला आढळले. लेख काढून टाकला गेला.

महाराष्ट्रातल्या चौथीच्या मुलापुढे हा लेख ठेवला असता तरी तो पडला असता. आपल्याकडे चौथीला इतिहास म्हणजे शिवचरित्रच असते. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. लेखातल्या युद्धाच्या वेळी ते दहा वर्षांचे होते. शहाजीराजे १६३६ पासून आदिलशाहीच्या चाकरीत होते, डिचोलीचा मुलूखही विजापूरच्याच अमलाखाली होता, आणि रायगडावरच्या राज्याभिषेकाला अजून चौतीस वर्षे अवकाश होता. मराठा साम्राज्यच जिथे नव्हते तिथे त्याचे युद्ध कुठले? मराठे आणि पोर्तुगीज यांच्या खऱ्या लढाया पुढच्या आहेत. १६६७ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांची बारदेशावर स्वारी झाली. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोव्याला असा वेढा घातला की पोर्तुगिजांची गाळण उडाली. खुद्द डिचोली पोर्तुगिजांकडे गेली ती त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. तेव्हापासून ती ‘नव्या काबिजादीं’त मोडू लागली.

हे सारे उघड्यावरचे ज्ञान आहे. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरखान्यात हयात घालवली. त्यांचे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हे पुस्तक १९६७ साली प्रसिद्ध झाले. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. डिचोलीहून बसने निघालेला माणूस सकाळच्या चहानंतर तिथे पोचून दुपारपर्यंत या लेखाचा निकाल लावू शकला असता. लेख इंटरनेटवर होता, पुस्तके कपाटात होती, आणि पाच वर्षे त्यांची गाठ पडली नाही. त्या पाच वर्षांत हा लेख कुणी वाचला असेल, कुठल्या विद्यार्थ्याने वहीत उतरवून घेतला असेल, याचा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

तेव्हापासून एका प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. कुणीही लिहावे, कुणीही खोडावे अशा या कोशात एखादा लेख उत्तम आहे हे ठरवतात कसे? कुणी ठरवायचे, आणि कशावरून?

इंग्रजी विकिपीडियावर आज सत्तर लाखांच्या आसपास लेख आहेत. त्यांतल्या सहा हजारांहून अधिक लेखांच्या माथ्यावर, उजव्या कोपऱ्यात, कांस्य रंगाचा एक लहानसा तारा दिसतो. हजारात एकसुद्धा पुरता भरत नाही इतके हे प्रमाण कमी आहे. ताऱ्याच्या लेखाला तिथे ‘फीचर्ड आर्टिकल’ म्हणतात, आणि २००४ च्या फेब्रुवारीपासून रोज त्यांपैकी एक मुखपृष्ठावर लागतो. आपल्या देशावरच्या ‘इंडिया’ या लेखाला २००४ मध्येच तारा मिळाला आणि अनेक फेरतपासण्यांतून तो टिकून आहे.

डिचोलीच्या लेखाला मिळालेला ‘चांगला लेख’ हा दर्जा आणि हा तारा यांच्यात जो फरक आहे, तो मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत बोलका तपशील वाटतो. ‘चांगला’ ठरवायला लेखाशी संबंध नसलेला एक परीक्षक पुरतो. त्या एकाने विश्वास ठेवला की लेख पार. ताऱ्यासाठी मात्र लेख चौकात मांडावा लागतो. कोणीही येऊन तो तपासतो. एकजण फक्त भाषा बघतो, दुसरा चित्रांचे हक्क, तिसरा संदर्भ. पहिल्यांदाच लेख घेऊन आलेल्याच्या बाबतीत तर काही तळटीपा निवडून मूळ पुस्तकाशी ताडून पाहण्याची रीत आहे: वाक्यात म्हटलेले त्या पानावर खरोखरच आहे का, आणि असले तर शब्द तिथून जसेच्या तसे उचललेले तर नाहीत? हे आठवडेच्या आठवडे चालते. शेवटी समन्वयक निर्णय देतात तो हात मोजून देत नाहीत. दहा जणांनी ‘छान’ म्हटले आणि एकाने ‘या परिच्छेदाला आधार नाही’ असे दाखवून दिले, तर त्या एकाचे म्हणणे निस्तरल्याशिवाय लेख पुढे सरकत नाही. ‘चांगल्या लेखा’च्या परीक्षणातही मूळ संदर्भ उघडून पाहण्याची सक्ती अलीकडे झाली आहे. ती २००७ मध्ये असती तर डिचोलीचे युद्ध तेव्हाच थांबले असते.

या यादीचे सुरुवातीचे नाव वेगळे होते. तिला ‘ब्रिलियंट प्रोज’ म्हणत, म्हणजे लखलखीत गद्य. विकिपीडियाच्या पहिल्या दिवसांत वाचताना कुणाला एखादा लेख सुंदर वाटला की तो यादीत टाकायचा, एवढाच रिवाज होता. तळटीप असलीच पाहिजे असा आग्रहसुद्धा नव्हता. २००४ च्या सुमारास नाव बदलले, आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत वाक्यावाक्याला संदर्भ मागण्याची शिस्त आली. तेव्हा जुन्या यादीतले पुष्कळ लेख गळाले. ते सुंदर होते, पण त्यांतले काय कुठून आले ते सांगता येत नव्हते. ही शिस्त काही कुणा संपादकाच्या लहरीतून आलेली नाही. २००५ मध्ये जॉन साइगेनथॉलर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रलेखात कुणीतरी त्यांचा केनेडी बंधूंच्या हत्येशी संबंध जोडला होता, आणि ती बदनामी चार महिने तशीच राहिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘नेचर’ या नियतकालिकाने विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ज्ञांना दाखवून विकिपीडिया आणि ब्रिटानिका यांची तुलना केली. एका नोंदीमागे विकिपीडियात सरासरी चारेक चुका निघाल्या, ब्रिटानिकात तीनेक. ब्रिटानिकाने त्या पाहणीवर कडक आक्षेप घेतले. मला त्या आकड्यांहून दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: पंडितांच्या कोशातही नोंदीला तीन चुका असतात हे लोकांना पहिल्यांदा कळले, आणि कोशाला दर्जा असतो तो कशामुळे हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला.

विकिपीडियाच्या आधी त्याच्या संस्थापकांनी उलट्या टोकाने सुरुवात केली होती. २००० मध्ये त्यांनी ‘न्यूपीडिया’ काढला. लेखक तज्ज्ञच हवेत, आणि प्रत्येक लेख तपासणीच्या सात पायऱ्या चढून आला पाहिजे, असा त्याचा नियम. तीन-साडेतीन वर्षांत पुऱ्या झालेल्या लेखांची संख्या पंचविसाच्या आसपास राहिली आणि २००३ मध्ये तो बंद पडला. जानेवारी २००१ मध्ये जोडकाम म्हणून सुरू केलेल्या विकिपीडियावर मात्र पहिल्याच वर्षात वीस हजारांच्या आसपास लेख जमले. न्यूपीडियाने दारात पहारा बसवला होता. विकिपीडियाने दार काढूनच टाकले आणि घरातल्या एका खोलीत, जिथे तारे वाटतात तिथे, तीच कडक तपासणी पुन्हा उभी केली.

मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पुरे केले. त्यासाठी कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा केले, आणि तो सगळा खटाटोप ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात लिहून ठेवला. केतकरांना वेळेचे भान होते. कोश वाचकाच्या हयातीत त्याच्या हाती पडला पाहिजे, यासाठी त्यांनी वेग पत्करला आणि वेगाबरोबर येणारी टीकाही पत्करली. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले ते दुसऱ्या पद्धतीने. विषयतज्ज्ञाने नोंद लिहायची, दुसऱ्याने तपासायची, संपादकाने भाषा घासून घ्यायची, नोंदीखाली लेखकाचे नाव आणि संदर्भग्रंथ द्यायचे. पहिला खंड १९७६ मध्ये आला, विसावा २०१५ मध्ये. तर्कतीर्थ १९९४ मध्येच गेले होते. एका पिढीने लावलेले झाड दुसऱ्या पिढीने पुरे वाढवले. विश्वकोशाची एखादी नोंद आजही मी पुन्हा पुन्हा वाचते ती तिच्या भाषेसाठी: एकही शब्द वाया न घालवता इतके सांगता येते, याचे ते धडे आहेत.

ताऱ्याच्या निकषांत भाषेची अट पहिलीच आहे. गद्य व्यावसायिक दर्जाचे हवे आणि वाचकाला पुढे नेणारे हवे. ही अट ऐकायला सैल वाटते, प्रत्यक्षात तीच सर्वांत जाचते. परीक्षक वाक्य उचलून दाखवतात: ‘प्रसिद्ध’ हा शब्द कशाला, प्रसिद्धी वाचकाला दिसू द्या. ‘काहींच्या मते’ म्हणजे कोणाच्या? ‘मोठ्या प्रमाणात’ म्हणजे किती? मराठी विकिपीडियावरचे चरित्रलेख उघडून पाहिले की या प्रश्नांची गरज पटते. ‘थोर’, ‘महान’, ‘लोकप्रिय’, ‘आदरणीय’ ही विशेषणे काढली तर कित्येक लेखांत जन्मतारीख आणि पुरस्कार एवढेच उरते. माणसाने केले काय, ते कुठेच नसते. विशेषण लिहायला एक क्षण लागतो. काम लिहायला वाचनालयात जावे लागते.

मराठीत त्याहूनही खोल एक अडचण आहे, आणि ती इंग्रजीवाल्यांना कधीच भेटत नाही. तटस्थपणे लिहायचे, कुणाची बाजू घ्यायची नाही, हा कोशाचा मूळ नियम. पण मराठीत क्रियापदच बाजू घेते. ‘तो म्हणाला’ की ‘ते म्हणाले’? आपली वर्तमानपत्रे क्रिकेटपटूला ‘तो’ म्हणतात आणि आमदाराला ‘ते’. शत्रूला ‘तो’, आपल्या राजाला ‘ते’. जुन्या मराठी इतिहासलेखनात ‘शिवाजीने’ असे सर्रास लिहीत आणि त्यात कुणाला अनादर दिसत नसे. आज तसे लिहिले तर वाद होईल, आणि वाद घालणाऱ्याची भावनाही खरी असेल. मग औरंगजेबाला काय म्हणायचे? इंग्रज गव्हर्नरला? ज्याच्यावर खटला चालू आहे त्या माणसाला? सर्वांना ‘ते’ म्हणावे असे माझे मत आहे, आदर सगळ्यांना सारखा वाटला की तो बाजू घेत नाही म्हणून. विश्वकोशाने ‘यांनी’, ‘यांचा’ या रूपांनी बराच मार्ग काढला आहे. पण हा निर्णय मराठीच्या कोशकारांनी एकत्र बसून, कारणांसह, लिहून ठेवायला हवा. इंग्रजीचे निकष भाषांतर करून इथे टांगल्याने तो प्रश्न सुटत नाही.

दुसरी मोठी अट म्हणजे विषयावरच्या साहित्याचा पुरता आणि प्रातिनिधिक धांडोळा. मिळाले ते घेतले असे चालत नाही. ज्या विषयावर जे महत्त्वाचे लिहिले गेले ते सगळे पाहिलेले असावे लागते. महाराष्ट्राच्या विषयांवरचे इंग्रजी लेख इथेच लंगडे पडतात. विकिपीडियाच्या नियमांत इतर भाषांतल्या ग्रंथांना मज्जाव नाही. मराठी पुस्तकाचा संदर्भ इंग्रजी लेखात पूर्ण ग्राह्य आहे. पण ते पुस्तक वाचू शकणारा परीक्षक तिथे असावा लागतो. तो नसतो, म्हणून लेखक इंग्रजी ग्रंथांवरच भागवतो, आणि मग मराठ्यांचा इतिहास ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफच्या खिडकीतून दिसत राहतो. राजवाडे, शेजवलकर, पिसुर्लेकर हे इतिहासकार ज्याने वाचलेत असा एक माणूस २००७ मध्ये त्या पानावर फिरकला असता, तर आजचा हा लेख मी लिहिला नसता.

याच संदर्भात पुण्याची एक गोष्ट सांगायला हवी. २०११ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानाने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत शिक्षणाचा प्रयोग केला. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे. काही महिन्यांतच तो गुंडाळावा लागला. पुस्तके आणि संकेतस्थळांवरून उचललेला मजकूर इतक्या प्रमाणात आला की तो शोधून काढता काढता जगभरचे स्वयंसेवक थकून गेले. तेव्हा पुण्याच्या मुलांवर पुष्कळ टीका झाली. मला ती अर्धीच पटते. आपल्या प्रश्नपत्रिकेवर ‘तुमच्या शब्दांत लिहा’ असे छापलेले असते, पण गाइडातले उत्तर जसेच्या तसे लिहिणाऱ्यालाच पैकीच्या पैकी मिळतात. बारा-पंधरा वर्षे ज्याला या हिशेबाने गुण दिले, त्याच्याकडून एका सत्रात वेगळी अपेक्षा कशी करायची? पुस्तक वाचणे, ते मिटणे, आणि त्यातला मुद्दा स्वतःच्या वाक्यात मांडून पान क्रमांक देणे हे कौशल्य आहे. ते कुणीतरी शेजारी बसून शिकवावे लागते. ताऱ्याच्या तपासणीत ‘मूळ मजकुराच्या फार जवळ’ हा शेरा आला की अनुभवी लेखकही पुन्हा लिहायला बसतो. त्या मुलांना तो शेरा आधी मिळाला नाही, थेट हकालपट्टी मिळाली.

उसनवारीचा याहून विचित्र प्रकार म्हणजे संदर्भाने स्वतःचेच शेपूट गिळणे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याच्या लेखात त्याला ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’ही म्हणतात अशी मनची भर घातली. हळूहळू ते नाव वर्तमानपत्रांत आले, पुस्तकांत आले, आणि मग त्याच वर्तमानपत्रांचा हवाला विकिपीडियावरच्या त्या वाक्याला जोडला गेला. हे वाचले तेव्हा आपल्याकडच्या गडकोटांच्या आणि देवळांच्या कथा आठवल्या. एका स्मरणिकेत कुणीतरी लिहिते, दुसरी स्मरणिका पहिलीवरून घेते, वीस वर्षांनी ‘अनेक ठिकाणी उल्लेख आढळतो’ असे वाक्य तयार होते. उल्लेख अनेक, उगम एक, आणि त्या उगमाला आधार काहीच नाही. म्हणून चांगला परीक्षक किती संदर्भ दिले हे मोजत नाही, ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का हे पाहतो.

स्थैर्य ही अट मला सुरुवातीला खटकली होती. लेखात रोज भांडणे चालू असतील, मजकूर दिवसागणिक उलटत असेल, तर त्याला तारा मिळत नाही. मग वादाच्या विषयांवर उत्तम लेख कधी व्हायचाच नाही का? २०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट लागल्यावर संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखाचे जे झाले ते सर्वांना आठवत असेल. लेखातल्या काही मजकुरावर संताप उसळला, मुख्यमंत्र्यांनी तो काढायला सांगितले, महाराष्ट्र सायबर विभागाने विकिमीडिया प्रतिष्ठानाला नोटीस दिली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. संताप का झाला ते मला कळते. संभाजी महाराजांचे बलिदान आमच्या घराघरात जिवंत आहे. पण पोलिसांच्या कागदाने लेख सुधारत नाही, हेही मी तितक्याच तळमळीने म्हणेन. संभाजी महाराजांच्या बखरींतल्या चित्रणाची चिकित्सा वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांनी आयुष्याची वर्षे घालून केली. त्यांच्या ग्रंथांतले पुरावे पान क्रमांकासह त्या लेखात मांडणे, विरुद्ध मताचे मूळ कुठल्या बखरीत आहे आणि ती बखर किती उशिरा, कोणाच्या सांगण्यावरून लिहिली गेली ते दाखवणे, हा त्या संतापाचा खरा उपयोग झाला असता. वाद असलेला लेखही स्थिर होऊ शकतो, पण त्यासाठी दोन्ही बाजूंच्या लोकांना एकच पुस्तक उघडावे लागते.

तारा मिळाला म्हणजे कायमचा मिळाला असे नसते, हे या व्यवस्थेतले मला सर्वांत प्रामाणिक वाटणारे कलम. आजवर हजाराहून अधिक लेखांचे तारे काढून घेतले गेले आहेत. कारणे बहुधा साधी असतात. लिहिणारा निघून गेला, नवे संशोधन आले ते लेखात शिरलेच नाही, कुणीकुणी येऊन बिनआधाराची वाक्ये टाकत राहिले. जुन्या ताऱ्यांची एकेक करून फेरतपासणी करण्याचे काम २०२० पासून काही स्वयंसेवकांनी हाती घेतले आहे. ते कंटाळवाणे काम आहे, त्यात नाव नाही, आणि मला ते नव्या लेखाच्या कौतुकाहून मोठे वाटते. छापील कोशाला ही सोय नव्हती. केतकरांच्या खंडातली चूक शंभर वर्षे तशीच कपाटात उभी राहते.

मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला आणि त्याची लेखसंख्या आता लाखाच्या घरात आहे. त्याच्या आतल्या भाषेवर माझा जीव आहे. चर्चेच्या जागेला ‘चावडी’, कच्च्या लिखाणाच्या पानाला ‘धूळपाटी’, तयार चौकटीला ‘साचा’, नासधूस करण्याला ‘उत्पात’. हे शब्द ज्यांनी निवडले त्यांना मराठी आतून माहीत होती. मुखपृष्ठावर झळकणाऱ्या निवडक लेखासाठी तिथे ‘मासिक सदर’ आहे आणि निवड कौल घेऊन होते. पण कौल द्यायला माणसे लागतात, तपासायला त्याहून अधिक, आणि नियमाने काम करणारे संपादक थोडे असल्यामुळे महिन्याचा हिशेब राहत नाही. लाखातले पुष्कळ लेख दोन-चार ओळींचे आहेत. लेखसंख्येचा टप्पा गाठला की अभिनंदन होते. मला विचाराल तर त्या दिवशी नवा लेख कुणी काढूच नये. जुन्या शंभर लेखांखालचे संदर्भ सगळ्यांनी मिळून तपासावेत.

तिथे माझा स्वतःचा प्रवेश झाला तो गावच्या जत्रेच्या निमित्ताने. मी आमच्या गावावर आणि देवळावर चार परिच्छेद लिहिले. देऊळ कुणी, कोणत्या साली बांधले ते आजोबांनी लहानपणी इतक्यांदा सांगितले होते की त्यात शंका घेण्यासारखे काही असेल असे मनातच आले नाही. दोन दिवसांनी त्या वाक्यापुढे कुणी अनोळखी सदस्याने ‘संदर्भ हवा’ असा साचा लावून ठेवला. मला वाईट वाटले. आजोबांवर कुणीतरी अविश्वास दाखवला असे वाटले. पुढे सावंतवाडीच्या वाचनालयात जाऊन रत्नागिरी आणि सावंतवाडीचा १८८० चा गॅझेटियर काढला. तो जाड खंड, कागद इतका ठिसूळ की पान उलटताना श्वास रोखावा लागतो. आजोबांनी सांगितलेले साल त्यात कुठेच नव्हते. गावाची नोंद होती, देवळाची होती, पण बांधणीची गोष्ट नव्हती. मी लेखातले वाक्य बदलले. साल काढून टाकले, आणि ‘गावातील परंपरेनुसार’ असे लिहून आजोबांची गोष्ट गोष्ट म्हणूनच ठेवली. तसे लिहिल्यावर ती मला अधिक जवळची वाटू लागली. आता तिला इतिहासाचा खोटा आधार नव्हता, आमच्या घराचा खरा आधार होता.

यंदाच्या पावसाळ्यात मी डिचोलीचा मराठी लेख हाती घेतला. धूळपाटीवर आतापर्यंत साडेनऊशे शब्द झाले आहेत. नव्या काबिजादींचा भाग पिसुर्लेकरांच्या आधाराने उभा राहिला. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला असताना डिचोलीत नमाजगाह बांधली गेली, तिचाही परिच्छेद झाला. खाणींच्या भागाला मी अजून हात लावलेला नाही. त्यासाठी जे वाचायला हवे ते मोठे आहे आणि त्यात आमच्याच नात्यातल्या माणसांची पोटे गुंतलेली आहेत, तिथे घाई करायची नाही. सावंतवाडीकरांनी हा मुलूख सोडला तो नेमका कोणत्या अटींवर, या एका वाक्यावर अडले आहे. तीन पुस्तकांत तीन तऱ्हेने दिले आहे आणि तिन्ही एकाच कागदाकडे बोट दाखवतात, तो कागद पोर्तुगीज भाषेत आहे. पणजीच्या ग्रंथालयात त्याची छापील प्रत असावी असे एका टीपेवरून दिसते. तोवर त्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ मीच लावून ठेवले आहे. पोर्तुगीज वाचणाऱ्या एका मैत्रिणीला घेऊन सोमवारी सकाळच्या बसने निघायचे ठरले आहे.